पाच भाषांची स्वरूपा

दिल्लीत आर. के. पुरममधल्या त्या शाळेत लायब्ररीचा तास हा गणिताच्या सरांच्या हक्काचाच असतो, असं सगळे धरून चालायचे. सिलॅबस मागे पडला की सर दारात उभे राहून म्हणायचे, "मॅम, आज आपका पीरियड ले लूँ?" पहिल्या वर्षी लायब्ररी सांभाळणारी सुनीती संकोचाने हो म्हणाली. दुसऱ्या वर्षी तिने दारातच खुर्ची टाकली आणि सरांना सांगितलं की मुलं आत आहेत, बाहेर काढायची तर प्रिन्सिपॉलचं पत्र आणा. पत्र काही आलं नाही. भांडकुदळ बाई म्हणून स्टाफरूममध्ये नाव तेवढं झालं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडलंही.

नववीच्या मुलांना पुस्तक धरायला लावायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालायची. सुनीतीने त्यावर एक युक्ती काढली होती. दर गुरुवारी नववीची मुलं सहावीच्या मुलांना वाचून दाखवायची. आता चौदा वर्षांच्या घोड्याच्या हातात तुम्ही सोपं, चित्रांचं पुस्तक दिलंत तर त्याची इज्जत जाते. पण "लहानांसाठी एक चांगलं निवड, तुला कळतं त्यांना काय आवडेल ते" असं म्हटलं की तोच घोडा जमिनीवर फतकल मारून दहा पुस्तकं चाळतो. ज्याचं वाचन कच्चं, त्याचा सराव असा कुणाला न कळता होऊन जायचा. सुनीतीला या युक्तीचा फार अभिमान होता.

आणि त्याहून जास्त अभिमान होता स्वरूपाचा. स्वरूपा तळवेलकर, नववी ब. वडील विनायकराव केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे दर तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. नागपूर, भुवनेश्वर, बडोदा आणि आता दिल्ली. आई मीनाक्षी मराठी मंडळात भेटली की पहिल्या पाच मिनिटांत सांगायचीच, "आमची स्वरूपा पाच भाषा वाचते हं. मराठी, उडिया, गुजराती, हिंदी, इंग्लिश. बदल्यांचा एवढा तरी फायदा." पोरगी दर आठवड्याला जाडजूड इंग्रजी कादंबरी न्यायची आणि सोमवारी परत आणायची. गुरुवारी सहावीच्या मुलांना अशी काही गोष्ट वाचून दाखवायची की पलीकडच्या टेबलावरची मुलंही माना वळवायची. सुनीतीने तिचं नाव मोठ्या अक्षरांत बोर्डावर लावलं होतं, 'महिन्याची वाचक' म्हणून. दोनदा.

मग ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, स्वरूपा वाचत असताना, पान उलटायचं काम करणाऱ्या सहावीतल्या मुलीने घाईघाईत दोन पानं एकदम उलटली. स्वरूपा थांबली नाही. ती तशीच पुढे वाचत राहिली, गाळलेल्या पानावरचा मजकूर, शब्दन्‌शब्द. सहावीतली मुलगी पुस्तकात बघून म्हणाली, "दीदी, ये तो यहाँ लिखा ही नहीं है।"

स्वरूपा हसली, पान मागे घेतलं आणि पुढे चालू झाली. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. सुनीती मात्र शेल्फापाशी हातात पुस्तक धरून तशीच उभी राहिली. बावीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? पोरगी वाचत नव्हती. पाठ म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने स्वरूपाला बोलावलं आणि नुकतंच आलेलं, अजून शिक्काही न मारलेलं पुस्तक पुढे ठेवलं. "जरा पहिलं पान वाच बघू."

"मॅम, चश्मा घरी राहिला."

"तुला चश्मा कधीपासून लागला?"

स्वरूपाने पुस्तक जवळ ओढलं. मग तिने वाचायला सुरुवात केली. पहिलं अक्षर बघायचं, पुढचा शब्द मनाने रचायचा, चित्राकडे नजर टाकायची आणि पुढचं वाक्य ठोकून द्यायचं. तिची वाक्यं झकास होती. पुस्तकात त्यातलं एकही नव्हतं.

सुनीतीने विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. नागपुरात अक्षरं नुकती लागत होती तेवढ्यात भुवनेश्वर. तिथे केंद्रीय विद्यालयात जागा मिळेपर्यंत घराजवळच्या शाळेत, तिथली अक्षरं निराळी, गोल गोल. मग बडोदा, आणि तिथे पोहोचतात तोवर कोरोना. शाळा मोबाइलवर, कॅमेरा बंद, माइक बंद. मराठीच्या बाईंना वाटायचं हिचं हिंदी चांगलं असेल. हिंदीच्या सरांना वाटायचं ही इंग्लिशवाली. इंग्लिशच्या मॅडम म्हणायच्या, मातृभाषेत पक्की असणार. घरी आईबाबांना वाटायचं शाळेत सगळं येतं. धडा मोबाइलला वाचायला लावायचा, दोनदा ऐकायचा, पाठ. परीक्षेत पाठ केलेलं उतरवायचं. कादंबऱ्या? त्या मैत्रिणींकडून ऐकायच्या, नाहीतर व्हिडिओ बघायचा.

"आईला सांगू नका, मॅम," स्वरूपा म्हणाली. "ती सगळ्यांना सांगते पाच भाषा म्हणून. तिची काय इज्जत राहील?"

सुनीतीला राग आला. पोरीवर नाही. चार गावांतल्या शाळा, तिथली सगळी शहाणी माणसं आणि स्वतःच लावलेला तो बोर्ड, या सगळ्यांवर. एवढ्या अफाट डोक्याची मुलगी नऊ वर्षं वर्गात बसली आणि कुणी म्हणून तिचं बोट ओळीवर ठेवून बघितलं नाही. तिने पुस्तक मिटलं. "ठीक आहे. मी सांगणार नाही. तू सांगायचंस, वाचता यायला लागलं की. पण वाचायचं रोज, आणि माझ्यासमोर. बिल्कुल सुट्टी नाही."

पाच भाषांपैकी सुनीतीने एकच धरली. मराठी. कारण घरी बोलते, म्हणजे अक्षर लागलं की अर्थ आपोआप लागेल, आणि अक्षरं हिंदीलाही तीच. बाकीच्या भाषा वाट बघतील, त्यांना कुठे गाडी पकडायची आहे.

मधल्या सुट्टीत सगळी पोरं कँटीनकडे पळाली की या दोघी मागच्या टेबलावर. एक ओळ सुनीतीने वाचायची, तीच ओळ स्वरूपाने. मग दोघींनी मिळून. मग पुढची ओळ तिने एकटीने. बोट शब्दाखाली. चित्रावर सुनीतीचा हात. "अंदाज नको. काय लिहिलंय ते वाच."

"पण मॅम, माझंच जास्त छान आहे."

"आहे खरं. ते तू नंतर लिही. आत्ता लेखकाचं वाच, बिचाऱ्याने मेहनत केली आहे."

जोडाक्षर आलं की पोरीच्या कपाळावर घाम यायचा. कधी पुस्तक ढकलून द्यायची, कधी डबा उघडून बसायची आणि म्हणायची, "यार मॅम, मैं नहीं कर सकती।" सुनीतीही काही संत नव्हती. एकदा तीही चिडून म्हणाली, "मग राहा तशीच, पाठ म्हणत." दुसऱ्या दिवशी येते की नाही या काळजीने तिला घास गोड लागला नाही. पण सुट्टीची घंटा झाली आणि पोरगी आली, तोंड फुगवून, पुस्तक हातात घेऊन.

दिवाळीनंतर एक गंमत झाली. एक म्हैस मेट्रो स्टेशनात शिरते आणि सरकत्या जिन्यावर उभी राहते, अशी एक गोष्ट होती. स्वरूपा एकटी वाचत होती, सुनीती पुस्तकांना कव्हरं घालत होती. आणि मागच्या टेबलावरून फिस्सकन हसू आलं. सुनीतीने वर बघितलं. पोरगी मान खाली घालून, बोट ओळीवर ठेवून खुदूखुदू हसत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, कुणी वाचून दाखवलं नव्हतं. कागदावरची काळी अक्षरं तिने एकटीने उलगडली होती आणि त्यातून विनोद निघाला होता.

तेवढ्यात घंटा झाली. "मॅम, पुढे काय होतं? सांगा ना."

"मी कशाला सांगू? घेऊन जा घरी."

त्या दिवशी स्वरूपाने आयुष्यात पहिल्यांदा वाचण्यासाठी पुस्तक घरी नेलं. सुनीतीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. संध्याकाळी मुनीरकाला घरी पोहोचल्यावर तिने नवऱ्याला त्या म्हशीची गोष्ट दोनदा सांगितली, आणि त्याला काय कप्पाळ कळलं, तो "अच्छा" म्हणून बातम्या बघत राहिला.

पण घोडं अडायचं ते अडलंच. डिसेंबरात मंडळाची बैठक झाली. चौदा जानेवारीला मंडळाची बस काला अंबला जाते, पानिपतच्या स्मारकावर. दिल्लीतल्या मराठी घरांना संक्रांतीचा तिळगूळ आधी तिथे, मग घरी. तिथला रिवाज असा की मंडळातल्या एका मुलाने किंवा मुलीने सगळ्यांसमोर एक पान वाचायचं. ते पान लिहितात जयंतराव, पंचाहत्तरीचे, निवृत्त अधिकारी. दरवर्षी नवं लिहितात. बैठकीत प्रश्न निघाला, यंदा कोण? आणि मीनाक्षी हात वर करून मोकळी झाली. "आमची स्वरूपा. तिला काय, कुठल्याही भाषेत द्या."

सुनीती समोरच बसली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण शब्द दिला होता. पोरगी चारेक महिन्यांत अक्षराला अक्षर जोडायला लागली होती, चांगली लागली होती. पण शे-दीडशे माणसांपुढे, माइकवर, जयंतरावांचं मराठी? त्या मराठीपुढे मंडळातले निम्मे मोठेही गार पडायचे.

मीनाक्षीने जयंतरावांच्या मागे लागून पान आठवडाभर आधीच मोबाइलवर मागवून घेतलं. स्वरूपाने ते मोबाइललाच वाचायला लावलं आणि दोन दिवसांत पाठ करून टाकलं. हिवाळ्याची सुट्टी होती, ती मुनीरकाला सुनीतीकडे आली आणि तिने ते घडघड म्हणून दाखवलं. काय आवाज, काय चढउतार. सुनीतीला वाईटही वाटलं आणि बरंही. निदान फजिती टळली. बाकीचं पुढे बघू.

चौदा तारखेला सकाळी बस निघाली तेव्हा धुकं इतकं होतं की ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला माणूस मान बाहेर काढून रस्ता सांगत होता. काला अंबला पोहोचेपर्यंत सगळे काकडून गेले होते. माणसं मात्र जमली होती. पुण्या-मुंबईकडूनही काही गट आले होते, फेटे बांधून. स्मारकावर हार चढले. मीनाक्षी ठेवणीतली पैठणी नेसून, वर शाल घेऊन पहिल्या रांगेत. फोन काढून तयार.

आणि जयंतराव काठी टेकत आले, स्वरूपाच्या हातात एक कागद दिला. "बाळ, हे वाच. आधीचं पाठवलं होतं ते सोड. रात्री मन लागेना, सगळं नव्याने लिहिलं."

सुनीती शेजारीच होती. कागद स्वच्छ हाताने लिहिलेला, ठसठशीत अक्षर, पण मजकूर पूर्ण नवा. तिने स्वरूपाला बाजूला घेतलं. "ऐक. कागद हातात धर आणि पाठ केलेलंच म्हण. कुणाला कळणार नाही. जयंतरावांना मी नंतर समजावते."

स्वरूपाने कागदाकडे बघितलं. पहिल्या ओळीवर तिचे ओठ हलले. मग ती म्हणाली, "मॅम, ते म्हणणं होईल. त्यांनी वाचायला दिलंय."

"अगं, पण सगळ्यांसमोर अडखळलीस तर?"

"अडखळेन. रोज अडखळतेच की तुमच्यासमोर."

आयुष्यभर जी पोरांना अंदाज नको म्हणून दटावत आली, तीच आज अंदाजापेक्षा वाईट सल्ला देत होती, आणि शिकवलेली पोर तो घेत नव्हती.

स्वरूपा माइकपाशी गेली. कागद डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताचं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं. पहिल्या रांगेत मीनाक्षीच्या कपाळाला आठी पडली. नववीतली मुलगी, बोट ठेवून?

"त्या छा... छावणीत," स्वरूपाने सुरुवात केली, "लढणारे होते, तसे न लढणारेही होते." आवाज नेहमीचा नव्हता. चढउतार नव्हते. एकेक शब्द पायरीवर पाय ठेवावा तसा येत होता. "स्वयं... स्वयंपाकी होते. पाणी वाहणारे होते. मो... मोत..."

ती थांबली. हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. दिल्लीतल्या कुठल्या पोराने ऐकलाय? अंदाज करायला काही जागाच नव्हती. माणसं चुळबुळायला लागली. कुणीतरी खोकलं. फेटेवाल्यांपैकी एक गृहस्थ चांगल्या मनाने पुढे झुकून म्हणाले, "मोतद्दार, बेटा, मोतद्दार."

"थांबा काका," स्वरूपा माइकवरच म्हणाली. "मी वाचते."

बोट त्या शब्दाखाली परत आलं. "मो. त. द्दा. र. मोतद्दार." मग तिने सुरुवातीपासून ओळ घेतली. "पाणी वाहणारे होते. मोतद्दार होते, ज्यांनी स्वतः उपाशी राहून घोड्यांना चारा घातला. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून आज ती आपल्याला वाचता येत नाहीत."

इथे ती पुन्हा थांबली. या वेळी अडलं काहीच नव्हतं. वाचलेलं तिच्या आत पोहोचलं होतं, आणि ते पोहोचताना सुनीतीला दिसलं. पोरीने डोळे पुसले आणि पुढची ओळ धरली. आणखी चार ठिकाणी अडखळली, दोनदा मागे जाऊन चूक सुधारली, आणि पान संपवलं. सबंध. एकही शब्द मनाचा नाही.

टाळ्या झाल्या, पण जरा गोंधळलेल्याच. मागून कुणीतरी म्हणालं, घाबरली वाटतं बिचारी. सुनीतीला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. तिचे डोळे वाहत होते आणि तिने ते पुसलेही नाहीत. उभ्या नोकरीत शंभर पोरांनी वक्तृत्वाची बक्षिसं आणली, एकाही ढालीने तिची छाती अशी भरून आली नव्हती.

तिळगूळ वाटताना मीनाक्षी आलीच. "काय गं हे? घरी तर इतकं मस्त म्हणत होतीस. थंडी वाजली का? आणि ते बोट कशाला? लहान आहेस का?"

"आई," स्वरूपा म्हणाली, "मला वाचता येत नव्हतं. कुठल्याच भाषेत. घरी म्हणत होते ते पाठ होतं. आत्ता वाचलं ते खरं वाचलं."

मीनाक्षीला आधी हसू आलं, मग ते विरलं. तिने सुनीतीकडे बघितलं. "सुनीतीताई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. ऑगस्टपासून. तिने सांगू नका म्हटलं होतं."

"आणि मी सगळ्यांना..." शाल आवळून मीनाक्षी बसकडे चालायला लागली. स्वरूपा तिच्या पाठीकडे बघत राहिली, तिळगुळाची वडी हातात तशीच. जयंतराव सगळं ऐकत होते. त्यांनी आपला कागद स्वरूपाच्या हाताकडे सरकवला आणि म्हणाले, "तुझ्याकडेच ठेव बाळ. इतक्या सावकाश माझं कुणी कधी वाचलं नव्हतं."

बसमध्ये मीनाक्षी खिडकीपाशी बसली होती, तोंड बाहेर. सुनीती मुद्दाम पुढच्या सीटवर बसली. स्वरूपा आईशेजारची जागा सोडून मागे जायला निघाली, तेव्हा मीनाक्षीने तिचा हात धरला आणि ओढून शेजारी बसवलं. समालखा मागे गेलं. मग मीनाक्षी म्हणाली, "ते पान परत वाच."

"आत्ता? हळू होईल, आई."

"होऊ दे. मघाशी मी फोनमध्ये बघत होते, फोटो बरा येतोय की नाही ते. ऐकलंच नाही."

कागद उलगडल्याचा आवाज आला. "त्या छावणीत लढणारे होते," स्वरूपा वाचायला लागली. बस खड्ड्यात आदळली की ओळ हरवायची, मग बोटाने पुन्हा शोधायची. सुनीती मागे वळली नाही, पण तिचे कान मागेच होते. बसमधल्या गप्पा हळूहळू थांबल्या. एक पान वाचून व्हायला गनौर आलं. तेवढ्या वेळात मीनाक्षीने मध्येच एकही शब्द सांगितला नाही. पान संपल्यावर तिने लेकीचं ते बोट आपल्या मुठीत धरलं आणि बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमची स्वरूपा मराठी वाचते."